झडप वापीत बनते. कामणपर्यंत पोहोचेल का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत राज्य सरकारने २०२५ साली एक मोठी भर घातली. कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांच्या मर्यादेत न बसणाऱ्या नऊ महागड्या उपचारांसाठी वेगळ्या निधीची तरतूद झाली. बातम्यांत हृदय, फुप्फुस, यकृत आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण यांची नावे ठळक आली. त्याच यादीत ‘टावी’ नावाचा एक उपचार होता आणि त्यासाठी १० लाख रुपयांपर्यंतची मर्यादा ठरवण्यात आली. बहुतेक वाचकांच्या नजरेतून तो निसटला असेल. पण प्रत्यारोपण लागणाऱ्या रुग्णांपेक्षा टावी लागणारे रुग्ण आपल्या आसपास अधिक असतात. त्यातल्या अनेकांना आपल्याला हा आजार आहे, हेच ठाऊक नसते.

टावी म्हणजे छाती न उघडता हृदयाची झडप बदलणे. जांघेतल्या धमनीतून एक नळी वर सरकवायची आणि घडी घातलेली नवी झडप जुन्या झडपेच्या जागी नेऊन उघडायची. ज्यांना मोठी शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा वृद्धांसाठी या उपचाराने खरोखरच नवा दरवाजा उघडला. प्रश्न असा, की हा दरवाजा मुंबईतल्या विमाधारकासाठी उघडा आहे तसा वसईच्या पूर्वेला कामणदुर्गाच्या पायथ्याशी राहणाऱ्या पंचाहत्तरीच्या माणसासाठीही उघडेल का?

दाराच्या बिजागऱ्या गंजतात तेव्हा

हृदयातून शुद्ध रक्त महाधमनीत जाते, त्या तोंडाशी तीन पाकळ्यांची एक झडप असते. दिवसातून सुमारे एक लाख वेळा ती उघडते आणि मिटते. निरोगी माणसात तिची पूर्ण उघडलेली वाट तीन ते चार चौरस सेंटिमीटर असते. वयाबरोबर काहींच्या पाकळ्यांवर कॅल्शियम साचते, त्या जाड आणि ताठ होतात आणि वाट अरुंद होत जाते. ती एक चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी झाली की आजार गंभीर मानला जातो. शंभरातल्या एखाद-दोन माणसांच्या झडपेला जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या असतात. अशांना हाच त्रास दहा-वीस वर्षे आधी गाठतो.

हृदय सुरुवातीला तक्रार करत नाही. अरुंद वाटेतून तेवढेच रक्त ढकलायचे म्हणून त्याचा स्नायू जाड होतो आणि कित्येक वर्षे काम निभावून नेतो. मग तीन लक्षणे दिसू लागतात : चालताना किंवा चढ चढताना दम लागणे, छातीत दडपल्यासारखे होणे आणि श्रम करताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडणे. लक्षणे सुरू झाली की वेळ फार थोडा उरतो. १९६८ साली रॉस आणि ब्राउनवाल्ड या अमेरिकी डॉक्टरांनी मांडलेला हिशेब आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवला जातो. उपचार न झाल्यास छातीत दुखू लागल्यापासून साधारण पाच वर्षे, चक्कर येऊन पडू लागल्यापासून तीन वर्षे आणि हृदय कमकुवत होऊन दम लागू लागल्यापासून दोन वर्षे.

या आजारावर गोळी नाही. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांनी झडपेवरचे कॅल्शियम रोखता येईल, अशी आशा होती. मोठ्या चाचण्यांत ती फोल ठरली. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पायाची सूज उतरते, दम थोडा कमी होतो; झडप मात्र तशीच राहते. यांत्रिक अडथळ्याला यांत्रिकच उत्तर लागते.

कत्तलखान्यातील हृदयापासून रुआँपर्यंत

ते उत्तर अनेक दशके एकच होते : छातीचे हाड कापायचे, हृदय थांबवायचे, हार्ट-लंग मशीनवर रक्ताभिसरण चालू ठेवायचे आणि जुनी झडप काढून नवी शिवायची. ही शस्त्रक्रिया उत्तम आहे आणि आजही हजारोंना वाचवते. पण ऐंशीच्या घरातला, मूत्रपिंडे थकलेला, फुप्फुसे कमजोर असलेला माणूस ती सोसू शकेलच असे नाही. अशांना ‘आता औषधांवरच राहू’ असे सांगून घरी पाठवले जाई.

१९८५ साली फ्रान्समधील रुआँ शहरात डॉ. अलँ क्रिबिए यांनी फुग्याने ही झडप रुंद करून पाहिली. रुग्णाला आराम पडे, पण काही महिन्यांत झडप पुन्हा आवळे. १९८९ साली डॅनिश डॉक्टर हेनिंग रुड अँडरसन यांनी धातूच्या तारांच्या जाळीत डुकराच्या हृदयाची झडप शिवली आणि ती घडी करून नळीतून जिवंत डुकराच्या हृदयात बसवली. त्या वेळी ही कल्पना फारशी कोणी मनावर घेतली नाही. अखेर १६ एप्रिल २००२ रोजी क्रिबिए यांनी पहिल्यांदा माणसात अशी झडप बसवली. रुग्ण ५७ वर्षांचा होता, रक्तदाब कोसळलेला होता आणि शल्यचिकित्सकांनी हात टेकले होते. तो काही महिन्यांनी इतर गुंतागुंतींमुळे दगावला. झडप मात्र काम करत होती. डॉ. क्रिबिए यांचे २०२४ मध्ये निधन झाले, तोवर त्यांनी दाखवलेल्या वाटेने जगभर लाखो रुग्ण गेले होते.

हा उपचार खरोखर जीव वाचवतो का, याचे उत्तर २०१० साली ‘पार्टनर’ नावाच्या चाचणीने दिले. शस्त्रक्रिया शक्यच नसलेल्या रुग्णांचे दोन गट केले गेले. औषधे आणि फुग्याच्या उपचारावर असलेल्या गटात वर्षभरात शंभरापैकी जवळपास ५१ जण दगावले. टावी झालेल्या गटात ३१. म्हणजे दर पाच रुग्णांमागे एक जण या उपचारामुळे वर्षअखेर जिवंत होता. वैद्यकशास्त्रात एवढा मोठा फरक दाखवणारे उपचार थोडेच असतात.

पुढे कमी जोखमीच्या रुग्णांतही तुलना झाली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या पार्टनर चाचणीत मृत्यू, पक्षाघात किंवा पुन्हा रुग्णालयात भरती यांपैकी काहीतरी घडण्याचे प्रमाण पहिल्या वर्षी टावीच्या गटात साडेआठ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटात पंधरा टक्के होते. पाच वर्षांनी मात्र दोन्ही गट जवळजवळ एका पातळीवर आले. कमी जोखमीच्या माणसाला टावीचा फायदा मिळतो तो मुख्यतः लवकर उठून घरी जाण्याचा. ज्याला शस्त्रक्रियाच नाकारली गेली आहे त्याला मात्र तो जीव वाचण्याचा असतो. योजनेचा पैसा कोणाकडे आधी वळवायचा, हे ठरवताना हा फरक विसरून चालणार नाही.

सोपे दिसते, तेवढे सोपे नाही

एप्रिल २०१९ मध्ये गायक मिक जॅगर यांच्यावर न्यूयॉर्कमध्ये हृदयाच्या झडपेचा असा उपचार झाल्याचे वृत्त जगभर छापून आले आणि जूनमध्ये ते शिकागोच्या मंचावर नाचत होते. अशा बातम्यांमुळे टावी म्हणजे अँजिओप्लास्टीचीच थोडी मोठी बहीण, असा समज पसरतो. तो अर्धाच खरा आहे.

आधी इकोकार्डिओग्राफीने आजार किती गंभीर आहे ते ठरते. मग महाधमनी आणि पायापर्यंतच्या धमन्यांचा सीटी स्कॅन होतो. झडपेचे कडे नेमके किती मिलिमीटरचे, कॅल्शियम कुठे साचले आहे, जांघेतली वाट पुरेशी रुंद आहे का, हे त्यातून कळते. झडपेचे माप चुकले तर ती सुटू शकते किंवा कडेने गळती राहते. प्रत्यक्ष उपचारात फुग्याने उघडणारी झडप बसवताना काही क्षण हृदयाचे ठोके मुद्दाम मिनिटाला १८० च्या आसपास नेले जातात, जेणेकरून रक्ताचा लोट मंदावेल आणि झडप जागच्या जागी बसेल. हे सारे बहुतेकदा पूर्ण भूल न देता होते आणि रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जाऊ शकतो.

धोके आहेत. शंभरातल्या काहींना पक्षाघात होतो. झडपेलगत हृदयाचे विद्युत मार्ग असल्याने काही रुग्णांना नंतर कायमचा पेसमेकर लागतो. जांघेच्या धमनीला इजा होऊ शकते. क्वचित ऐनवेळी छाती उघडावी लागते. म्हणूनच हृदयरोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि सीटी वाचणारा तज्ज्ञ यांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा, अशी अपेक्षा असते.

या झडपेच्या पाकळ्या गाईच्या किंवा डुकराच्या हृदयाभोवतालच्या आवरणापासून बनवतात. काही कुटुंबांसाठी हा श्रद्धेचा प्रश्न असतो. संमतिपत्रावर सही घेण्याआधी ते स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. रुग्णाला नंतर दुसऱ्याकडून कळणे योग्य नाही.

आणि ही झडप आयुष्यभराची नाही. प्राण्यांच्या ऊतींपासून बनलेल्या झडपा दहा-पंधरा वर्षांत झिजू लागतात. ऐंशीच्या रुग्णाला त्याची चिंता नको. पन्नाशीच्या रुग्णाला हवी. युरोपातील तज्ज्ञ संघटनांनी २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत टावीसाठीची वयोमर्यादा ७५ वरून ७० वर आणली. अमेरिकी सूचना ६५ च्या आतल्यांना शस्त्रक्रिया, ८० च्या पुढे टावी आणि मधल्यांसाठी रुग्णाशी बोलून निर्णय, असे सांगतात. वय हा एकमेव निकष नाही, पण सुरुवात तिथूनच होते.

वापी ते कामण

आता नकाशा पाहू. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर महाराष्ट्राची हद्द ओलांडली की थोड्याच अंतरावर गुजरातमधले वापी लागते. तिथल्या मेरिल या भारतीय कंपनीने ‘मायव्हाल’ ही टावीची झडप विकसित केली. २०१९ साली तिला युरोपात विक्रीची मान्यता मिळाली. मुख्यतः युरोपातल्या रुग्णालयांतून झालेल्या ‘लँडमार्क’ चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. पहिल्या महिन्याच्या निकालांत ही झडप जुन्या अमेरिकी झडपांपेक्षा कमी पडली नाही. आपल्या शेजारच्या औद्योगिक वसाहतीत बनलेली वस्तू जर्मनी-नेदरलँड्सच्या रुग्णांच्या हृदयात बसते आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे.

त्याच महामार्गाने दक्षिणेकडे येत चिंचोटीला वळले की कामणचा रस्ता लागतो. भिवंडीकडे जाणाऱ्या कंटेनरांची रांग, गोदामे, छोटे कारखाने आणि त्यांच्या मागे डोंगरालगतचे पाडे. गावाजवळून वसई-दिवा रेल्वेमार्ग जातो, पण त्यावर प्रवासी गाड्या मोजक्याच. वापीहून इथवर सव्वाशे-दीडशे किलोमीटर. ट्रकला तीन-चार तास पुरतात. मग झडपेला किती वर्षे लागावीत?

अडसर पहिला : निदान. सत्तरीच्या माणसाला चढावर दम लागला तर घरात ‘वय झालं’ म्हणतात. शेतावर, विटभट्टीवर, कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस हळूहळू चालणेच कमी करतो आणि ‘मला काही त्रास नाही’ असे सांगतो. या आजाराची पहिली खूण यंत्राशिवाय सापडते. छातीच्या वरच्या भागात, उरोस्थीच्या उजवीकडे स्टेथोस्कोप ठेवला, तर खरखरीत आवाज ऐकू येतो आणि तो मानेपर्यंत जातो. मात्र त्यासाठी शर्टावरून नव्हे तर उघड्या छातीवर, शांत खोलीत अर्धे मिनिट कान द्यावा लागतो. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हेच अर्धे मिनिट सर्वांत दुर्मीळ असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात साठीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजताना हृदयाचा आवाजही ऐकायचा, एवढा नियम केला तरी कितीतरी रुग्ण वेळेत सापडतील. त्याला नवा निधी लागत नाही.

अडसर दुसरा : इको आणि सीटी. आवाज ऐकल्यावर इको हवी आणि ती करणारा प्रशिक्षित माणूसही हवा. कामणच्या रुग्णाला त्यासाठी वसई, ठाणे किंवा थेट मुंबई गाठावी लागते. परळ, मुंबई सेंट्रल, शीव किंवा भायखळ्याच्या सार्वजनिक रुग्णालयांत हृदयरोग विभाग आहेत, पण तिथे संपूर्ण राज्याची रांग असते. एका तपासणीसाठी एक फेरी आणि सोबत येणाऱ्या मुलाचा एक खाडा. तीन फेऱ्यांनंतर अनेक कुटुंबे थांबतात. तालुक्याच्या पातळीवर आठवड्यातून एक दिवस इकोची सोय आणि तिथूनच मोठ्या रुग्णालयातली ठरलेली तारीख, ही व्यवस्था झडपेइतकीच महत्त्वाची आहे.

अडसर तिसरा : किंमत. खासगी रुग्णालयात टावीचा खर्च साधारणपणे १२ ते २० लाखांच्या घरात जातो आणि त्यातला मोठा हिस्सा झडपेचाच असतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत ठरवून दिली, तेव्हा औषधी स्टेंट एकदम ३० हजारांच्या आत आला. टावीच्या झडपेला तशी मर्यादा लागू केलेली नाही. योजनेतले १० लाख सरकारी रुग्णालयात पुरू शकतात, कारण तिथे खाट, डॉक्टर आणि कॅथलॅबचा खर्च वेगळा मोजला जात नाही. खासगी रुग्णालयात मात्र वरची रक्कम कोण भरणार, हा प्रश्न उरतो. राज्याने सगळ्या रुग्णालयांसाठी एकत्र निविदा काढून झडपा घेतल्या, तर किंमत उतरवण्याची ताकद सरकारच्या हातात येईल. दहा रुग्णालयांनी दहा दरांनी घेतल्या तर ती जाईल.

दहा लाख एका वृद्धावर?

इथे एक कठोर प्रश्न विचारला जातो आणि तो टाळू नये. पालघरसारख्या जिल्ह्यात कुपोषण, बाळंतपणातील मृत्यू, सर्पदंश यांची लढाई संपलेली नसताना एका वृद्धाच्या झडपेवर १० लाख खर्च करणे योग्य का?

उत्तर अर्धे हो आणि अर्धे अटींसह आहे. सार्वजनिक पैशाने केवळ तरुणांचेच जीव मोलाचे ठरवावेत, हे कोणत्याही समाजाला शोभत नाही. पण प्रत्येक अरुंद झडपेला टावी, हेही योग्य नाही. साठीच्या आतल्या, धडधाकट रुग्णाला शस्त्रक्रियाच द्यावी. ती सरकारी रुग्णालयात कितीतरी कमी खर्चात होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेली आणि डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा बसवली गेलेली धातूची झडप आजही हजारो भारतीयांच्या हृदयात टकटकते आहे. ती टिकाऊ आणि स्वस्त आहे. मात्र तिच्यासोबत रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि नियमित आयएनआर तपासणी करावी लागते. तपासणी चुकली तर झडपेवर गुठळी, गोळी जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून कामणच्या तरुण कामगाराला अशी झडप बसवायची, तर आयएनआरची सोय गावाजवळ असणे हाही त्या शस्त्रक्रियेचाच भाग समजला पाहिजे.

आपल्याकडे झडपांच्या आजारात संधिवाताच्या तापाने बिघडलेल्या झडपा अजूनही मोठ्या संख्येने दिसतात. हे रुग्ण वीस-चाळीस वर्षांचे असतात आणि टावी त्यांचा उपचार नव्हे. त्यांना हवे असते लहानपणी घशाच्या संसर्गावर वेळेत औषध आणि नंतर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे स्वस्त इंजेक्शन. दहा लाखांच्या झडपेची बातमी होताना या इंजेक्शनचा साठा संपलेला असेल, तर ती प्रगती नव्हे.

म्हणून योजनेच्या निधीवर पहिला हक्क कोणाचा, हे लिखित स्वरूपात ठरवले पाहिजे. ज्यांना लक्षणे आहेत आणि ज्यांना शस्त्रक्रिया नाकारली गेली आहे, ते सर्वांत आधी. त्यानंतर सत्तरीपुढचे इतर. लक्षणे नसलेल्यांत लवकर टावी करावी का, यावर २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अनपेक्षित रुग्णालयभरती कमी झाली. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र फारसा फरक दिसला नाही. अशांना काळजीपूर्वक लक्ष ठेवून थांबवता येते. दुसरी गोष्ट, मंजुरीला मुदत हवी. गंभीर लक्षणे असलेला रुग्ण कागदपत्रांच्या फेऱ्यांत सहा महिने अडकला, तर त्याच्यापुरती योजना अस्तित्वातच नव्हती. तिसरी, ज्या ज्या रुग्णालयात हा उपचार होईल त्याने प्रत्येक रुग्णाचे महिन्याचे आणि वर्षाचे निकाल नोंदवून जाहीर करावेत. सार्वजनिक पैसा घेणाऱ्याने सार्वजनिक हिशेब द्यावा.

घरच्यांनी काय पाहावे

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे चालणे वर्षभरात कमी झाले आहे का, पूर्वी न थांबता चढायचा तो जिना आता दोनदा थांबून चढतो का, काम करताना चक्कर येऊन पडला का, हे पाहा. यातले काही दिसले तर रक्तदाब आणि ईसीजीवर समाधान मानू नका. ईसीजी जवळपास ठीक असूनही झडप बिघडलेली असू शकते. ‘हृदयाचा आवाज ऐकलात का, इको हवी का?’ असा सरळ प्रश्न डॉक्टरांना विचारा.

गंभीर अरुंदपणा निघाला तर शस्त्रक्रिया आणि टावी या दोन्ही वाटा समजावून घ्या. ‘माझ्यासाठी टावीच का?’ हे विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकांवर चौकशी करता येते. सत्तरीपुढच्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवावे. झडप बसल्यावर दात आणि हिरड्या स्वच्छ ठेवा. दात काढण्याआधी झडप बसवल्याचे दंतवैद्याला आवर्जून सांगा, कारण तोंडातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर घर करू शकतात.

टावीचे नाव सरकारी यादीत आले, हे पहिले पाऊल झाले. पुढची पावले फार चमकदार नाहीत : आरोग्य केंद्रातला स्टेथोस्कोप, तालुक्यातली इको, एकत्र खरेदीची निविदा, मुदतीत मिळणारी मंजुरी. यांपैकी कुठलीही एक कडी तुटली, तर झडप वापीहून विमानाने युरोपला पोहोचेल आणि महामार्गालगतच्या पाड्यात कोणीतरी दम लागला म्हणून ओट्यावरच बसून राहील.